पान्हा दुसऱ्याच्या हाताला

टेम्पो उलटल्यावर सिद्राम शेताच्या बांधावर बसला आणि त्यानं भाकरीचं गाठोडं सोडलं. कपाळातून रक्त येत होतं, ते एका हातानं फडक्यानं दाबलेलं, आणि दुसऱ्या हातानं शेंगाचटणी लावून घास चाललेला. माझ्या सगळ्या तक्रारीचं मूळ त्या भाकरीत आहे.

संपादकांनी कळवलं होतं, म्हशींच्या व्यापारातल्या यशाचं गमक लिहा. शब्दांची मर्यादाही घातली होती. ती मी फोनवर घासाघीस करून वाढवून घेतली. गमक काही नाही. पोरवयात दुसऱ्यांच्या गोठ्यातलं शेण काढलं, मग दुसऱ्यांच्या म्हशी हाकल्या, मग दलाली केली आणि मग स्वतःच्या नावानं म्हशी घ्यायला-विकायला लागलो. मला कुणी काही दिलं नाही आणि मीही कुणाला फुकट काही दिलं नाही. सोलापूरच्या आसपासच्या बाजारांत 'दस्तगीरभाई आले' म्हटलं की लोक आधी खिसा चाचपतात, मग हसतात. दोन्हीचा मला अभिमान आहे.

हा धंदा बाहेरच्यांना वाटतो तेवढा सोपा नाही. म्हैस दूध देते असं आपण म्हणतो. खरं तर दूध कासेत तयार असतं, पण म्हशीच्या मनात आल्याशिवाय ते सडात उतरत नाही. उतरलं की आम्ही म्हणतो पान्हा सोडला. नाही उतरलं तर पान्हा चोरला. मग तुम्ही सड ओढून ओढून बोटं सोलून घ्या, वाटीभर मिळणार नाही. आमच्या भागातली तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस ह्या बाबतीत नाव कमावून आहे. पूर्वी गवळी ती दारोदार न्यायचे आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायचे. कुणाच्याही दारात, कुत्री भुंकत असताना, ती पान्हा सोडायची.

पण प्रत्येक जनावर स्वतःचा स्वभाव घेऊन येतं. जेऊरच्या एका गिऱ्हाइकाला मी चांगली म्हैस दिली. आठवड्यात फोनवर शिव्या. म्हैस थेंब देत नाही, फसवलंत. मी गेलो. बघितलं, काही दोष नाही. मग आठवलं, विकणाऱ्याच्या घरी धार त्याची म्हातारी आई काढायची. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, "बायकोचं लुगडं नेस आणि बस."

"भाई, गाव बघतंय."

"गाव बघू दे. दूध पाहिजे का अब्रू?"

नेसला. बांगड्याही घातल्या. म्हशीनं वळून हुंगलं आणि बादली भरली. पुढं कितीतरी दिवस तो गडी लुगडं नेसून धार काढत होता. त्याला अजून गावात वहिनी म्हणतात.

तर स्वभाव ओळखणं हेच आमचं भांडवल. बाजारात शांत म्हशीला 'गरीब' म्हणतात आणि तापट म्हशीला 'मारकी'. गरीब म्हशीला किंमत जास्त. मी ते ओळखायला छत्री वापरायचो. बोलता बोलता म्हशीच्या तोंडासमोर फट्‌दिशी छत्री उघडायची. जी उसळली ती मारकी. जी हलली नाही ती गरीब. ह्या छत्रीवर मी घर बांधलं.

सिद्राम अक्कलकोटकडचा. घरात कन्नड, बाजारात मराठी. माझ्याकडं ड्रायव्हर म्हणून आला. कास कशी चाचपायची, दातांवरून वय कसं काढायचं, विकणाऱ्याच्या तोंडाकडं न बघता त्याच्या बायकोच्या तोंडाकडं का बघायचं, सगळं त्याला मी शिकवलं. शेवटी भागीदार केलं. एक गोष्ट मी शिकवली नव्हती, आणि तीच त्याला येत होती. हात लागला की म्हैस त्याला पान्हा सोडायची. बाजारात लोक म्हणायला लागले, "सिद्रामप्पाच्या हाताला गुण आहे." मी ते ऐकायचो आणि मनात म्हणायचो, आणि माझ्या हाताला काय नायटा झालाय?

त्या दिवशी माळशिरसकडून आम्ही दोन ताज्या व्यालेल्या म्हशी रेडकांसकट आणत होतो. भर दुपार. टेम्पो सिद्राम चालवत होता, मी शेजारी. पुढं उसाची ट्रॉली. तिचा दोर तुटला आणि मोळ्या धबाधबा रस्त्यावर आल्या. सिद्रामनं चाक वळवलं, मागच्या ट्रकचा एअरब्रेक फुस्सकन वाजला, टेम्पो रस्ता सोडून खाली उतरला आणि नांगरलेल्या रानात कुशीवर आडवा झाला. रेडकं केबिनमागच्या कडब्यात होती, त्यांना खरचटलंही नाही. माझ्या खांद्याला मुका मार. पण तो आडवा होण्याचा वेळ, आकाश काचेतून बाजूला सरकतंय आणि मागं म्हशींचं वजन एकमेकींवर आदळतंय, तो माझ्या अंगात अडकून बसला.

दोन म्हशींतली एक चंडी. तिनं लाथांनी फळी फोडली, दावं तोडलं, हंबरत उसात घुसली आणि बघायला आलेल्या एकाची मोटारसायकल शिंगांनी उलथी केली. दुसरी शेवंता. लोकांनी तिला ओढून उभी केली, आणि उभी केली तिथंच ती उभी राहिली. हंबरली नाही, हलली नाही. मी काय केलं? मी टेम्पोला लाथा घातल्या, ट्रॉलीवाल्याची गचांडी धरली, जमलेल्या सगळ्या लोकांचा उद्धार केला. आणि सिद्राम भाकरी खात होता.

"तुला घास कसा जातो रे?" मी ओरडलो.

"भूक लागली की, भाई. तुमी बी बसा, चटनी लई झाक झालीय."

म्हशी मार लागलेल्या, लगेच विकता येणार नव्हत्या. एकेक दोघांनी आपापल्या गोठ्यावर न्यायची, बरी करायची, मग विकायची असं ठरलं. कुणी कुठली न्यायची ह्यावर मी लांबलचक भांडणाची तयारी करून गेलो होतो. सिद्राम म्हणाला, "भाई, तुमी आदी घ्या. कुटली पायजे ती." निम्मी मजा तिथंच गेली.

"मी शेवंता घेतो."

"बगा बरं. ती बोलना झालीय."

"म्हैस बोलत नाही म्हणून तक्रार करणारा तूच पहिला," मी म्हणालो. मनात खूश होतो. मारकी त्याच्या गळ्यात, गरीब माझ्या दावणीला.

आठवडा व्हायच्या आत चंडी बादलीभर दूध द्यायला लागली. शेवंता मला थेंब देईना.

मी सगळं केलं. सरकी पेंडीचं आंबोण कोमट करून दिलं. रेडकू आधी पाजलं. कासेला तेल लावलं. माझी बायको हशमत बसली, तिलाही नाही. गोड बोललो, आणि गोड बोलून झालं नाही तेव्हा जे बोलायचं ते बोललो. शेवंता कान ताठ करून भिंतीकडं बघत उभी. बाजारात बातमी गेलीच होती. एकानं मला तोंडावर विचारलं, "भाई, छत्री मोडली का?" मी सगळ्यांदेखत सांगितलं, ही म्हैस माझ्याच हातानं दूध देईल, नाहीतर दस्तगीर बाजारात पाऊल टाकणार नाही. बोलून गेलो. आटलेल्या म्हशी शेवटी कुठं जातात हे मला चांगलं माहीत आहे, त्यामुळं माझ्या अब्रूबरोबर तिचा जीवही पणाला लागला.

हशमत म्हणाली, "तुमकू भैंस का दुख नै. सिद्राम की भैंस दूध देती, उसका दुख है."

मी बादली उचलून गोठ्यात गेलो. बायको बरोबर बोलली की मला गोठ्यात काम निघतं.

जनावरांच्या डॉक्टर माने मॅडमना बोलावलं. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण त्यांच्यापुढं मी नीट बोलतो, कारण त्या भाव कमी करत नाहीत.

"मॅडम, पान्ह्याची सुई द्या एक."

"नाही देणार."

"विकत मागतोय."

"विकतही नाही. सुईनं दूध उतरेल, भीती उतरणार नाही. उद्या सुई बघूनच ती बिथरेल." त्यांनी शेवंताच्या कुशीला कान लावला. "रवंथ करते का?"

"करते की. थोडंफार."

"थोडंफार म्हणजे?"

"नाही करत," मी म्हणालो.

"मग ही शांत नाही, भाई. ही थिजलीय."

मॅडमनी मला जे समजावलं ते जमेल तसं सांगतो. पान्हा उतरतो तो मेंदूतून निघालेल्या एका रसामुळं, त्याला ऑक्सिटोसिन म्हणतात. जनावर बिथरलं की दुसरा रस सुटतो, ॲड्रिनॅलिन. तो पळायला आणि मारायला बळ देतो आणि पान्ह्याची वाट बंद करतो. त्याच्यामागून तिसरा येतो, कॉर्टिसॉल, सोसत राहायचा रस. धक्का एकच असला तरी कुणाच्या अंगात कुठला रस किती सुटेल आणि किती दिवस झिरपत राहील हे त्या-त्या जिवाच्या घडणीवर आहे. चंडीला पळायचा रस भसकन सुटला, ती पळाली, आदळआपट केली, निवली. शेवंता जागची हलली नाही, पण आत झिरपणं थांबलंच नाही.

"म्हणजे तापटाचं लवकर निवतं," मी म्हणालो.

"तुम्ही व्यापारी लोक लगेच नियम करता. तसा नियम नाही. गरीब जनावरांतही दोन जाती असतात. एक खरंच निवांत. दणका बसला तरी तासाभरात रवंथ सुरू. दुसरं नुसतं बाहेरून गप्प. छत्री उघडून हे कळत नाही." छत्रीची बातमी त्यांच्यापर्यंतही गेली होती.

माझ्या डोळ्यांसमोर बांधावर बसून रवंथ करणारा सिद्राम आला.

"पण मॅडम, मी तापट. मी तर चंडीपेक्षा जास्त आदळआपट केली. मग माझं का निवलं नाही?" आणि मी त्यांना हात पुढं करून दाखवला. तोपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ट्रकचा एअरब्रेक सुटल्याचा फुस्स आवाज आला की माझा उजवा हात थरथरायला लागायचा. झोप तुटायची. गाडीत बसायचं म्हटलं की मी दारातूनच परत फिरायचो. बाजाराला न जायला मी रोज नवं कारण शोधत होतो आणि पैजेचं निमित्त मला आयतं मिळालं होतं.

मॅडमनी हात धरून बघितला. मग म्हणाल्या, "चंडी आदळआपट करून थांबली. तुम्ही कुठं थांबलात? आल्यापासून मला तोच टेम्पो, तीच ट्रॉली, तीच सिद्रामची भाकरी सांगताय, आणि प्रत्येक वेळी नव्यानं चिडताय. अंगाला वाटतं, आत्ताच घडलं. मी जनावरांची डॉक्टर आहे, भाई. माणसांच्या डॉक्टरला दाखवा."

दाखवलं. जुळे सोलापुरातल्या डॉक्टरांनी रक्त काढलं. साखर वर, ब्लडप्रेशर वर. गोळ्या देऊन म्हणाले, आधीपासून कडेवर असेल, धसक्यानं वर आलं. मला ते पटेना. टेम्पो सिद्राम चालवत होता आणि धसका मी घ्यायचा? मी त्याला ओढत त्याच डॉक्टरांकडं नेलं.

"कशाला, भाई? मला काई होईना झालंय."

"म्हणूनच. आतून असेल. मॅडम म्हणाल्या, बाहेरून दिसत नाही."

रिपोर्ट आला. साखर बरोबर, प्रेशर बरोबर, सगळं बरोबर. मी कागद उलटासुलटा करून बघितला. माणसाचं तोंड खोटं बोलू शकतं, म्हणून मी रक्तापर्यंत गेलो होतो. तर त्याचं रक्तही निवांत. सिद्रामनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि अगदी मनापासून विचारलं, "तुमाला वाईट वाटलं व्हय? पुन्यांदा करूया का?"

ज्या माणसाचा हेवा करावा तो निदान माजोरी तरी असावा. ह्यानं मला तेवढंही सुख दिलं नाही.

त्यानंतर तो रोज दुपारी यायला लागला. हातात किटली, किटलीत चंडीचं दूध, हशमतच्या चहासाठी. माझ्या गोठ्यात बाहेरचं दूध! तो शेवंताकडं बघायचाही नाही. तिच्याकडं पाठ करून दगडावर बसायचा, मला बाजारातल्या गमती सांगायचा, पान लावायचा. मध्येच कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटायचा. एका दुपारी शेवंतानं मान लांब केली आणि त्याच्या केसांत नाक घातलं. मोठा उसासा टाकला. आणि तिचा जबडा हलायला लागला. रवंथ. कितीतरी दिवसांनी.

"आली बगा," सिद्राम हळूच म्हणाला. अजून वळला नव्हता.

पुढच्या दोन-चार दिवसांत तो धारेला बसला. मला म्हणाला, "भाई, तुमी जरा भाईर थांबा." माझ्या गोठ्यात, माझ्या म्हशीपाशी, मला. मी पत्र्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो. आधी काहीच नाही. मग रिकाम्या बादलीच्या बुडाला पहिली धार वाजली. चर्र. चर्र. मग फेस आला तसा आवाज मऊ होत गेला. मी जन्मभर हा आवाज ऐकलाय आणि त्यावरून डोळे मिटून दूध सांगू शकतो. पण एवढा वाईट तो कधी वाटला नव्हता. माझी बायको दुसऱ्याशी हसून बोलतेय असं ऐकू आलं असतं तर जे झालं असतं, तसंच काहीतरी.

मला राहवेना. आत गेलो. पाऊल टाकलं आणि धार तुटली.

शेवंताचे कान ताठ. सिद्रामचे हात सडांवर, पण सडात काही नाही. तो माझ्याकडं बघेना, मी त्याच्याकडं बघेना.

माने मॅडमना विचारलं, हे काय? मी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. मॅडम म्हणाल्या, "जनावराला घामाचा वास कळतो, भाई. श्वास कळतो, पावलाची घाई कळते. तुमच्या अंगात ते अजून चालू आहे. तुम्ही जवळ गेलात की तुमचं अंग तिला सांगतं, टेम्पो अजून पडतोय."

"मग मी निवेपर्यंत?"

"तोपर्यंत ती आटेल."

ह्यावर घासाघीस करायला जागा नव्हती.

मी सिद्रामला म्हटलं, शेवंता घेऊन जा. पण फुकट नाही, सौदा कर. आमच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. ह्या टॉवेलाखाली मी भल्याभल्यांना घाम फोडलाय. सिद्रामनं खांद्यावरचा टॉवेल काढला, टाकला. त्याचा हात थंड आणि कोरडा. माझा ओला, आणि थरथरत होता. मी बोटं दाबली. तो काहीच दाबेना. नुसता माझा हात धरून बसला.

"सौदा कर की, भडव्या," मी म्हणालो.

"करतोय की," तो म्हणाला, आणि मी मागितलं होतं तेवढं मान्य केलं. एक बोटही कमी नाही. माझ्या आयुष्यातला एवढा अपमानाचा सौदा दुसरा नाही.

शेवंता गाडीत चढणार नव्हती हे दोघांनाही माहीत होतं. चालवतच न्यायची होती, अक्कलकोट रोडवरच्या त्याच्या गोठ्यापर्यंत. सकाळी तो आला. दावं सोडलं, रेडकू पुढं घातलं. मी दारात उभा होतो. म्हणाला, "चला की, भाई, संगं. गाडी न्हाय काई न्हाय, पायीच जायचंय."

मी जाणार नव्हतो. पण हशमतनं माझ्या चपला आणून पुढं ठेवल्या.

शहरातल्या कॉलन्या संपल्या, मोठा रस्ता लागला. पुढं सिद्राम, मध्ये शेवंता, मागं मी. मागून ट्रक आला आणि अगदी आमच्याजवळ त्यानं एअरब्रेक मारला. फुस्स. शेवंता जागच्या जागी खांब झाली. मीही. पाठ भिजली, हात सुरू झाला. मी तो खिशात घातला तर खिसा हलायला लागला.

सिद्रामनं दावं ओढलं नाही. सैल सोडलं. मागं वळला आणि ट्रक पुढं निघून जाईपर्यंत तसाच उभा राहिला.

"गेला तो," तो म्हणाला. "गेला की. काई न्हाय."

आम्हा दोघांतल्या कुणाला म्हणाला, ते मी विचारलं नाही. शेवंताचे कान हळूहळू खाली आले. आणि माझा हात थांबला. गोळ्यांनी थांबला नव्हता, शिव्यांनी थांबला नव्हता, मी स्वतः इतक्यांदा 'थांब' म्हटलं तेव्हा थांबला नव्हता. माझं अंग, माझ्या अन्नावर वाढलेलं, आणि ऐकलं कुणाचं, तर सिद्रामचं.

"चल आता," मी त्याच्यावर खेकसलो. "रस्त्यात काय उभा राहतोस, ऊन चढतंय."

"व्हय, भाई," म्हणून तो चालायला लागला. त्याच्यामागं म्हैस निघाली. म्हशीमागं मी.